नळ आले काय

वनजाचा फोन येतो तेव्हा इथं साडेनऊ,
तिकडं सहा, आणि मिट्ट काळोख.
"नायना, नळ आले काय?"
हा पहिला प्रश्न. तब्येत वगैरे नंतर.
मी सांगतो, काल यायचे होते,
दत्तनगरात आले म्हणे, आपल्या गल्लीत अजून नाहीत.
ती हं म्हणते.
टांपेरेला जाऊन तीन वर्षं झाली तिला,
तिथं चोवीस तास पाणी, तेही गार आणि गरम,
पण आमच्या पाचव्या दिवसाचा हिशोब
माझ्यापेक्षा तिचाच पक्का.

पहिल्या हिवाळ्यात ती बादल्या भरून ठेवायची.
बाथरूममध्ये दोन, ओट्याखाली एक,
शिवाय ती स्टीलची कळशी,
वजन होईल म्हणून मी बॅगेतून काढली होती
आणि तिनं चादरीत गुंडाळून नेली.
पाचव्या दिवशी ओतायची, परत भरायची.
अंबादास हसायचा.
"हाताला कळत नाही हो अजून," म्हणायची,
"डोक्याला कळलंय."

ती म्हाताऱ्यांच्या घरात नर्स.
म्हातारे तिला रोज नव्यानं नाव विचारतात,
ती रोज नव्यानं सांगते.
अंबादास दवाखान्याच्या लाँड्रीत.
इथं टॉवेल विणत होतो, तिथं धुतोय,
हे तोच सांगतो, मी हसावं म्हणून.
मी हसतो.

माझा बाप राजमल्लू करीमनगराकडून आला
तेव्हा तिकडं निजाम होता, इकडं इंग्रज.
म्हणजे परदेशच की.
हाली रुपया इथं बट्ट्यानं जायचा, माणूसही.
साखर पेठेत एका खोलीत तीन माग, सात जण.
मागाच्या खड्ड्यात त्यानं पाय सोडले
ते चाळीस वर्षांनी वर घेतले.
मराठी शिकला. आधी बाजारापुरती,
मग भांडणापुरती,
फार उशिरा चेष्टेपुरतीही.
पण ताणा मोजायचा तेलुगूतच.
ओकटी, रेंडु, मूडु...
मध्येच कुणी मराठीत हाक मारली
तर धाग्यावरचं बोट हलू न देता
नुसता हुंकार द्यायचा.

मी दोन्हीत मोजतो.
रेशनच्या दुकानात मराठी, घरी घड्या घालताना तेलुगू.
वनजा लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजायची,
एक, दोन, तीन, चार,
चुकूनसुद्धा तेलुगूत नाही.
नागमणीला वाईट वाटायचं.
बाप माझ्याकडं बघून म्हणाला,
"म्हणजे आता आलो आपण सोलापुरात."
सदतीस वर्षं झाली होती त्याला येऊन.

काल फोन चालू असतानाच गल्लीत ओरडा झाला.
मी मोबाईल कट्ट्यावर टेकवला, पाईप ओढला.
नागमणी पिंप, पातेली, जे हाताला येईल ते पुढं सरकवत होती.
वनजाला विचारलं, तू भरतेस का अजून?
"बादल्या?" ती म्हणाली,
"त्या मिहिर बर्फात नेतो, खेळायला.
कळशीत ब्रश ठेवते मी."
सहज म्हणाली. बूट शोधत होती.

मग मिहिरच आला समोर, दात न घासलेला,
आणि आमची भांडी मोजायला लागला.
यक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या...
एक भरलं की एक.
पाच वर्षांचा आहे. आवाजात जराही अडखळ नाही.
नागमणीनं माझ्याकडं बघितलं.
मला बापाचं वाक्य आठवलं होतं.
बोललो नाही. पाईप हातात होता
आणि खरं तर ते मोठ्यानं म्हणायला
बापाला लागली तेवढी वर्षं मला मिळणार नाहीत.

बाराव्या घागरीला धार बारीक झाली.
करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी.
घागर अर्धी.
तो तिकडं थांबला होता, स्क्रीनला नाक लावून,
आकडा तोंडात धरून.